चौदा मिनिटांचं तेल

सबंध कलकत्त्यात माझ्याएवढी विमानं कुणी पाडली नसतील. आणि माझा स्वतःचा पाय जमिनीवरून वीतभरसुद्धा कधी सुटला नाही — कारण ती सगळी विमानं म्हणजे एकच लाकडी खोका होता, आणि तो खोलीत जमिनीला जखडलेला होता.

हसलात ना? हसा. माझा जन्म त्यातच गेला. चौथीत तीन वर्षं बसलो आणि तिसऱ्या वर्षी मास्तरच बदलून गेले, ते मी सांगितलंय. दुसऱ्याच्या लग्नात पोटभर जेवून आहेर आपल्या नावाने लिहवून आलो, तेही सांगितलंय. बायकोने मला ट्राममध्ये विसरून ठेवलं होतं, ते तर चारचौघांत चारशेदा सांगितलंय. स्वतःची अब्रू मी कधी झाकून ठेवली नाही. पण ही एक गोष्ट मी कधी तोंडातून काढली नाही. बायकोपाशी नाही, भावापाशी नाही. एकाच माणसाला सांगितली, आणि त्या माणसाला ती अर्धी आधीच ठाऊक होती — मग त्याला सांगणं म्हणायचं का?

आज सांगणार आहे. शेवटपर्यंत सांगणार. मधेच मी गंमत करायला लागलो तर समजा, गणपत पळायला बघतोय. धरून बसवा.

तर तो खोका. शहराच्या उत्तर टोकाला विमानं शिकवायचा एक क्लब होता. दोन-तीन छोटी विमानं, दोन माणसं कशीबशी मावतील अशी, आणि मागे एक पत्र्याची खोली. त्या खोलीत हा निळा खोका. दोन आखूड पंख, खाली चामड्याचे भाते. वीज सुरू केली की भात्यांत हवा भरायची आणि खोका डुलायला लागायचा. शिकणारा आत बसला की वरून झाकण ओढायचं. आत अंधार, समोर काटे आणि तबकड्या, कानाला साहेबांचा आवाज. खिडकी नाही, आभाळ नाही. बाहेर टेबलावर बंगालचा नकाशा, त्यावर काच, काचेवर तीन चाकांचं एक छोटं यंत्र. त्याला खेकडा म्हणायचे. आतला माणूस जिकडे विमान वळवील तिकडे बाहेर खेकडा सरकायचा आणि मागे लाल शाईची रेघ सोडायचा. मी त्या खोलीचा नोकर. भात्यांना ठिगळं लावायची, खेकड्यात शाई भरायची, केर काढायचा.

आणि विमानं पाडायची.

त्याचं असं, की खोक्यात पेट्रोल नव्हतं. विजेवर चालणारी वस्तू, तिला पेट्रोल कशाला? पण शिकवणारे लाहिरीसाहेब त्या बाबतीत फार कडक. ते म्हणायचे, ज्याला जमिनीवर तेलाचा अंदाज येत नाही तो आकाशात कुणाच्या दारी मागायला जाणार? (विमानाचं पेट्रोल, पण आम्ही सगळे तेलच म्हणायचो.) म्हणून त्यांनी नियम केला होता. खोक्यात शिरायच्या आधी शिकणाऱ्याने कागदावर लिहून द्यायचं — कुठे जाणार, किती मैल, वारा समोरून की पाठीमागून, तासाला किती गॅलन जळणार, एकंदर किती तेल पाहिजे. शिवाय पाऊण तासाचं राखीव, पण त्याला हात लावायचा नाही. मागाल तेवढं देऊ. मग त्या तेलाची जेवढी मिनिटं होतील तेवढ्यात खोका परत मैदानावर आला पाहिजे. नाही आला तर तेल संपलं, माणूस नापास.

मिनिटं मोजायला टेबलावर एक चावीचं घड्याळ होतं. साहेब मला सांगायचे, "गणपत, काटा इथे आला की संपलं." मी पान खायचो, बोटाला चुना असायचाच. घड्याळाच्या काचेवर त्या जागी चुन्याचा एक ठिपका लावायचा. काटा ठिपक्यावर आला की रिकामा डबा सळईने बडवायचा. ढणाढण!

डबा वाजला की शेजारच्या शेडमधले मेकॅनिक हातातली कामं टाकून खिडकीशी यायचे. का? तर मी काय बोलतोय ते ऐकायला. मी खेकडा कुठे उभा आहे ते बघायचो आणि जाहीर करायचो. अमुकबाबू हुगळीत पडले, तिथे हिलसा मासा फार छान मिळतो, येताना घेऊन या. तमुकबाबू वर्धमानच्या मिठाईवाल्याच्या छपरावर उतरले, बिल साहेबांच्या नावाने. माझी बंगाली मोडकी, हिंदी त्याहून मोडकी, त्यामुळे ते जास्तच हसायचे. "गणपतदा, आज कोण पडलं?" रोज विचारायचे. मला दुसरं काय येत होतं? गुणाकार-भागाकार येत नव्हता. तेवढ्या एका मिनिटाला मी त्या क्लबात साहेबांपेक्षा मोठा होतो. हे लक्षात ठेवा. सबब म्हणून नाही — गुन्हा तिथून निघालाय म्हणून.

आता लोडशेडिंग. ती वर्षं तुम्हाला आठवत असतील. कलकत्त्यात वीज कधी जाईल आणि कधी येईल ते देवीलासुद्धा ठाऊक नसायचं. वीज गेली की भाते बसायचे, खोका म्हशीसारखा एका अंगावर कलंडायचा, खेकडा जागच्या जागी. पण घड्याळ चावीचं! ते चालूच. म्हणून साहेबांचा दुसरा नियम. वीज गेली की गणपतने पाटीवर वेळ लिहायची, आली की पुन्हा लिहायची, आणि जितकी मिनिटं मधे गेली तितका चुन्याचा ठिपका पुढे सरकवायचा. जुना पुसायचा, नवा लावायचा. माझ्या सबंध नोकरीत डोकं लागेल असं काम हे एवढंच.

सुलभा देवधर या क्लबात शिकायला आली तेव्हा ती वीस-एकवीस वर्षांची होती. वडील केंद्र सरकारच्या ऑफिसात, बदलीवर आलेले. मराठी माणूस कलकत्त्यात भेटला की आपण त्याला नातं लावूनच टाकतो. ती मला गणपतदादा म्हणायची, मी तिला ताई. तिच्या आईने मला थालिपीठं खाऊ घातलीत. नुसती नाही, वर लोणी. आणि ही मुलगी तेलाच्या कागदात अशी पक्की होती की साहेब बाकीच्या पोरांना तिचा कागद दाखवायचे. मुलं गोल आकडा लिहायची, दोन तास, अडीच तास. ही वाऱ्याचा मैल न् मैल धरायची. मला ठिपका कुठे लावायचा ते कळेना झालं, तर मला एका पुठ्ठ्यावर मिनिटांचं कोष्टक करून दिलं होतं तिने. कुणाला कळू न देता. माझी लाज राखली.

परीक्षेचा दिवस होता. खोक्यातली ही परीक्षा पास झाली की लांबच्या उड्डाणाला एकटीला सोडणार, आणि ते उड्डाण झालं की लायसन्स. नापास झाली तर तीन महिने पुन्हा बसता येत नाही, असा क्लबाचा नियम. आणि तिच्या वडिलांचा नागपूरचा बदलीचा हुकूम आलेला. दीड महिन्यात बिऱ्हाड हलणार. म्हणजे आज, नाहीतर कधीच नाही. हे मला ठाऊक होतं का? होतं. तिच्या आईने सांगितलं होतं. लोणी वाढता वाढता.

तिने कागद दिला. कलकत्ता ते खडगपूर आणि परत. एक तास पन्नास मिनिटं, तासाला साडेचार गॅलन, सव्वाआठ गॅलन द्या. साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि नुसती मान हलवली. दहा वाजता झाकण ओढलं. बारा वाजायला दहा मिनिटं, म्हणजे मोठा काटा दहाच्या आकड्यावर — तिथे मी ठिपका लावला.

खडगपूर झालं. खेकडा परत फिरला. रेघ इतकी सरळ की पट्टीने ओढावी. आणि अकराच्या आधी पाच मिनिटं वीज गेली.

साहेब म्हणाले, "मी जरा ऑफिसात जाऊन येतो, तू बघ." सुलभाने झाकण वर करून वारा घेतला, पण जागेवरून उठली नाही. उठायचं नाही असा नियम होता. मी काय केलं? मी पाटीवर वेळ लिहिली नाही. बाहेर ओट्यावर मेकॅनिक बसले होते, त्यांना मी माझ्या सासऱ्याची नक्कल करून दाखवत बसलो. वीज आली तसा धावत आत गेलो, भाते चालू केले, साहेब आले, झाकण बंद झालं. ठिपका तिथेच.

आता इथे मी इतकी वर्षं स्वतःला काय सांगत आलो ते ऐका. विसरलो. माणूस आहे, विसरतो. वीज आली, गडबड झाली, विसरलो. नंतर ढणाढण वाजवलं, नंतर लक्षात आलं, तोवर उशीर झाला होता. किती छान आहे नाही? असं घडलं असतं तर मी तुम्हाला ते सांगायला इतका घाम गाळला असता का? सासऱ्याच्या नकलेत घालून हसवून मोकळा झालो असतो.

नाही. मी विसरलो नव्हतो — म्हणजे विसरलो होतो, पण मला आठवलं. वेळेत आठवलं. काटा ठिपक्यापासून दोन मिनिटं लांब होता. साहेब नकाशाकडे बघत होते, कानाला यंत्र लावून तिच्याशी बोलत होते. मी घड्याळाकडे बघितलं. अरे, ठिपका पुढे घ्यायचाय! बोटाला चुना होता. हात दोन वितींवर होता.

आणि मग माझी नजर खेकड्याकडे गेली. खेकडा बजबजच्या जवळ पोचत होता. तुम्हाला ठाऊक आहे बजबज म्हणजे काय. नदीकाठी ओळीने उभ्या असलेल्या तेलाच्या टाक्या. सबंध कलकत्त्याचं तेल तिथे उतरतं. नकाशावरसुद्धा त्या गोल गोल काढलेल्या होत्या. आणि खेकडा, दोन मिनिटांनी, बरोबर त्या टाक्यांच्या डोक्यावर येणार होता.

कळलं?

तेलाच्या टाक्यांवर येऊन तेल संपलं. असा योग पुन्हा आला असता का? माझ्या तोंडात ते वाक्य तयार झालं होतं. मला ते चघळता येत होतं, पानासारखं. मी हात मागे घेतला. दोन मिनिटं — पूर्ण दोन मिनिटं, ही एका क्षणाची चूक नव्हे — मी उभा राहिलो आणि काट्याची वाट बघितली. कोणी मला धमकावलं नव्हतं. कोणी लालूच दाखवली नव्हती. तिच्यावर माझा राग नव्हता. लोक हसावेत म्हणून. एवढ्यासाठी.

ढणाढण.

मेकॅनिक खिडकीशी आले. मी डबा बगलेत धरला आणि ओरडलो, "बाबूलोक! ताईंचं तेल संपलं! आणि कुठे? बजबजच्या टाक्यांवर! आता दोरीला बादली बांधून खाली सोडा!"

असं हसले, असं हसले. एक जण तर खिडकीच्या गजाला धरून खाली बसला. लाहिरीसाहेब कधी हसायचे नाहीत, तेही हसले.

झाकण उघडलं. सुलभा बाहेर आली. केस घामाने कपाळाला चिकटलेले. ती हसणाऱ्यांकडे बघत नव्हती. मनगटावरचं घड्याळ पुढे करून ती साहेबांना म्हणाली, "सर, चौदा मिनिटं वीज नव्हती. ती धरलेली नाहीत."

साहेबांनी पाटीकडे बघितलं. पाटी कोरी. मग माझ्याकडे बघितलं. "गणपत, ठिपका सरकवला होतास?"

तुम्ही म्हणाल, इथे तरी. इथे नुसतं नाही म्हणायचं होतं. दोन अक्षरं. नोकरी गेली नसती हो, साहेब एक दिवस ओरडले असते. पण खिडकीत आठ तोंडं अजून उघडी होती, आणखी काहीतरी मिळेल म्हणून. मी म्हणालो, "साहेब, पाटी पुसून टाकली. पण चुना मी एकवेळ पानाला विसरेन, घड्याळाला नाही."

पुन्हा हशा.

सुरू कधी झालं ते साहेबांनी स्वतः टिपलेलं नव्हतं; त्यांनी माझाच शब्द धरला आणि तिला समजावून बोलले. आत अंधारात वेळ लांब वाटतो, वारा समोरून होता, घड्याळ पुढेमागे असतं, असं होतं कधी कधी. ती एकदाच माझ्याकडे वळली. मी डब्याकडे बघितलं. साहेबांनी तिच्या कागदावर लाल पेन्सिलीने लिहिलं आणि कागद तिच्या हातात दिला. तो कागद बरोबर होता. मिनिट न् मिनिट बरोबर होता. तिने तो चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला आणि सायकल घेऊन गेली.

दीड महिना होता माझ्यापाशी. रोज साहेब त्याच खोलीत, मी त्याच खोलीत. आज सांगू, उद्या सांगू. एकदा सकाळी खरंच त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो. त्यांनी विचारलं, "काय रे?" मी म्हणालो, "शाई संपलीय." शाई आदल्याच दिवशी भरलेली होती. देवधरांचं बिऱ्हाड हललं त्या दिवशी मी त्यांच्या घरी सामान उतरवायला गेलो. तिची पुस्तकांची ट्रंक मीच खांद्यावर घेऊन तीन जिने उतरलो. तिच्या आईने जाताना माझ्या हातावर लाडू ठेवला. खाल्ला. काय सांगू, खाल्लासुद्धा.

आणि तो विनोद? तो पुढे क्लबात चालूच राहिला. कुणाचं तेल संपलं की म्हणायचे, "बजबज गेलास काय?" मीही म्हणायचो.

दोन वर्षांनी लाहिरीसाहेब वारले. हृदयाचा झटका. निमतल्याच्या स्मशानघाटावर मी त्यांच्याबरोबर गेलो. चार माणसं साहेबांच्या शिस्तीबद्दल बोलत होती. साहेबांनी आयुष्यात एकही चुकीचा निकाल दिला नाही, असं कुणीतरी म्हणालं. मी तिथे होतो. मी तिथेही गप्प बसलो.

त्यानंतर मात्र ठरवलं. उशिरा ठरवलं, पण ठरवलं. देवधरांचा पत्ता काढायला मला सहा महिने लागले, नीट लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाला सहा दिवस लागले असते. हावड्याला गाडीत बसलो आणि नागपूरला उतरलो. बायकोला सांगितलं, सासऱ्यांसाठी संत्री आणायला चाललोय.

सुलभा एका शाळेत गणित शिकवत होती. विमान पुन्हा चालवलं नाही. नागपुरात तिच्या वडिलांनी नको म्हटलं. एकदा नापास झालीस ना, मग पुरे. ते तिने मला गेल्यागेल्याच सांगितलं, मी विचारलंसुद्धा नव्हतं. तिने मला खुर्ची दिली. मी उभाच राहिलो. मी वाटेत ठरवलं होतं की एकही गंमत करायची नाही, आणि केली नाही. पाटी सांगितली, सासऱ्याची नक्कल सांगितली, चौदा मिनिटं सांगितली. साहेबांना खोटं सांगितलं ते सांगितलं.

ती म्हणाली, "चौदा मिनिटांचं मला ठाऊकच होतं, गणपतदादा. माझ्या हातात घड्याळ होतं. हे साहेबांना सांगायचं होतंत."

मी म्हटलं, साहेब गेले.

"हो," ती म्हणाली. "पत्र आलं होतं."

मग जे तिला ठाऊक नव्हतं ते सांगितलं. की मला वेळेत आठवलं होतं. दोन मिनिटं आधी. की मी हात मागे घेतला, कारण खेकडा टाक्यांकडे जात होता आणि माझ्याकडे वाक्य तयार होतं.

तिच्यासमोर वह्यांचा गठ्ठा होता. पलीकडे कुठेतरी शाळेची मुलं पाढे म्हणत होती. मग तिने लाल पेन उचललं, वरची वही उघडली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"आणि तो विनोदही काही एवढा बरा नव्हता."